ट्रेलरच्या बॅटरीला कटऑफ स्विच बसवला, त्याची गोष्ट

२८ ऑक्टोबर २०२३, कोजागरी. मिशिगनच्या उत्तर भागात ऑ साबल नदीकाठी, सरकारी जंगलातलं एक लहानसं कॅम्पग्राउंड. वीज नाही, पाण्याला हातपंप, बाकी झाडं आणि शांतता. नवरा, दहा वर्षांची लेक आणि मी आमच्या, गाडीमागे ओढायच्या २२ फुटी ट्रेलरमध्ये होतो. गॅसवर दूध आटवलं, बदाम-केशर घालून प्यायलो. रात्री साडेअकराच्या सुमारास हीटरचा आवाज बदलला. नेहमी घोंघावणारा पंखा दमल्यासारखा फिरायला लागला, मग टक-टक असा आवाज, आणि गार हवा.

गॅसची टाकी भरलेली होती. मग हीटर का पेटत नाही, हे त्या रात्री कळलं नाही. नंतर वाचून समजलं. हीटरच्या आत हवेच्या झोताने ढकलली जाणारी एक बारीक पट्टी असते. झोत पुरेसा असेल तरच ती स्विच चालू करते आणि मगच गॅस सुटतो. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पट्टी हलत नाही आणि हीटर पेटायचं नाकारतो. म्हणजे गॅस असूनही थंडी. फ्रीजचंही तेच: चालतो गॅसवर, पण त्याच्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतात.

पहाटे चारला गॅस डिटेक्टर चिवचिवायला लागला. गळती नव्हती, त्यालाही वीज कमी पडत होती. लेकीला दोघांच्या मध्ये घेऊन, स्वेटरवर जॅकेट चढवून सकाळ काढली. निघताना ट्रेलरचं तोंड वर-खाली करणारा इलेक्ट्रिक जॅक हलेना, तो नवऱ्याने हँडल लावून हाताने फिरवला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: ८ ऑक्टोबरला पूर्ण चार्ज करून, सगळे दिवे-पंखे बंद करून ट्रेलर स्टोरेज लॉटवर ठेवला होता. वीस दिवसांत बॅटरी खाल्ली कोणी?

मी अकाउंटंट आहे, इलेक्ट्रिशियन नाही. पण माझे बाबा आधी बोर्डात, मग महावितरणमध्ये, मिरज तालुक्यात लाईनमन होते. त्यामुळे विजेची भीती आणि विजेचा आदर यातला फरक घरात लहानपणापासून शिकवला गेला. हे सगळं मी लिहितेय ते तुमच्यापैकी कोणी अशाच पहाटे चिवचिवाटाने जागं झालं असेल तर सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून. तुमच्या ट्रेलरची वायरिंग माझ्यासारखी असेलच असं नाही. पुढे वाचलंत की हे मी इतक्या कळकळीने का सांगतेय ते लक्षात येईल.

पहिलं काम बॅटरी तपासणं. ऑटो पार्ट्सच्या दुकानात ती फुकट तपासून देतात. निकाल: गेली. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. नवी ग्रुप २४ आकाराची डीप-सायकल बॅटरी १२९ डॉलर. त्यावर जुन्या बॅटरीची अनामत म्हणून तेव्हा २२ डॉलर वेगळे लावत होते. जुनी सोबत नेली असेल तर ते लागत नाहीत, म्हणून ती घरी सोडून जाऊ नका.

मग चोर शोधला. मल्टिमीटर १० अँपियरच्या खाचेत लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडायचा, म्हणजे सगळा प्रवाह मीटरमधून जातो. ट्रेलरमधलं सगळं बंद असताना मीटरवर आकडा आला ०.३६. एकेक फ्यूज काढत गेले. रेडिओचा काढल्यावर ०.१९ ने उतरला, गॅस डिटेक्टरचा काढल्यावर आणखी ०.११ ने. बाकी किरकोळ. रेडिओ बंद होता, तरी त्याचं घड्याळ आणि मेमरी चालूच. हिशोब माझ्या पेशाचाच: ०.३६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ अँपियर-तास. बॅटरी ८० अँपियर-तासांची. निम्म्याखाली उतरवू नये असं म्हणतात. म्हणजे पाचव्या दिवशी ती मर्यादा ओलांडली आणि दहाव्या दिवसापर्यंत ती पार रिकामी.

इथे एक सावधगिरी. मीटर असा जोडलेला असताना ट्रेलरमधलं काही चालू करू नका. नवऱ्याने सवयीने जॅकचं बटण दाबलं आणि मीटरचा आतला फ्यूज उडाला. सहा डॉलरचा फ्यूज, पण तो यायला चार दिवस गेले.

हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवली. मिशिगनमध्ये हे करावंच. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड आमच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत बहुतांश पाणीच उरतं, ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि डबा फुटतो. नोव्हेंबरात १२.७ व्होल्ट होते, म्हणजे भरलेली. महिन्यातून एकदा चार्जर लावत राहिले.

दर वेळी वायर काढून ठेवणं हाही उपाय आहे, फुकटचा. पण आमची बॅटरी ट्रेलरच्या तोंडाशी, दोन गॅस टाक्यांच्या मागे, पट्ट्याने आवळलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. दर वेळी पाना घेऊन तिथे वाकायचं, आणि एखाद्या वेळी विसरायचं. म्हणून कटऑफ स्विच, म्हणजे एका फिरवण्यात बॅटरी ट्रेलरपासून तोडणारा.

डिसेंबरात डीलरकडे विचारलं. २४० डॉलर, आणि नंबर मेच्या मध्यावर. त्याआधी ट्रेलर कामाला घेताच येणार नाही म्हणाले. पैशापेक्षा मला त्या उत्तरातला दुसरा भाग खटकला: स्विच नक्की कुठल्या वायरीवर लावणार, असं विचारलं तर काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नाही. तेव्हा ठरवलं, आपणच करायचं.

पण आमचा ट्रेलर २०१६ चा, सेकंडहँड घेतलेला, आणि त्यावर २०२४ च्या अखेरपर्यंतचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. आपण वायरिंगला हात लावला तर तो रद्द होणार का? फोनवर तीन वेळा तीन वेगळी उत्तरं मिळाली. मग ११ जानेवारीला ईमेल केला: कुठल्या वायरीवर काय बसवणार, हाताने काढलेलं चित्र, स्विचची माहिती. नऊ कामाच्या दिवसांनी लेखी उत्तर आलं. कन्व्हर्टर (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारं यंत्र) आणि फ्यूजच्या पॅनेलला हात लावू नका, पावत्या आणि फोटो जपून ठेवा, हरकत नाही. ते उत्तर छापून ट्रेलरच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं आहे. फोनवरच्या 'हो'वर विसंबू नका, लेखी मागा.

दुसरी अडचण जागेची. लॉटच्या करारात स्पष्ट कलम आहे की तिथे दुरुस्तीचं काम करायचं नाही. घरासमोर आणावा तर आमच्या वसाहतीच्या नियमांत ट्रेलर ४८ तासांपेक्षा जास्त उभा करता येत नाही, तोही फक्त सामान भरायला-उतरवायला. २० मार्चला अर्ज केला. कारण, ट्रेलरची लांबी, ड्राइव्हवेचा फोटो, शेजाऱ्याची वाट अडणार नाही याचं एका ओळीचं हमीपत्र. ४ एप्रिलला परवानगी आली: शुक्रवार १२ एप्रिल संध्याकाळी ५ ते सोमवार १५ एप्रिल संध्याकाळी ५. पाऊस आला तर पुन्हा अर्ज. तीन दिवस मागितले हे शहाणपणाचं ठरलं, ते पुढे कळेलच.

खरेदी आधीच झाली होती. स्विच घेतला तो ब्लू सी कंपनीचा एम-सीरिज, बोटींसाठी बनवलेला, ३०० अँपियरचा. आमच्या ट्रेलरला इतकी क्षमता लागत नाही, पण शेजारी गॅसच्या टाक्या आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी बॅटरी असताना ठिणगी बाहेर येऊ न देणारा बंदिस्त स्विच हवा होता. बॅटरीच्या खुंटीवर थेट बसणारा सुरीसारखा स्विच तेव्हा दहा डॉलरला मिळत होता. अनेक जण तो वापरतात, पण मला त्याची उघडी पाती त्या जागी नको होती. स्विच ३६, एक फुटाची तयार ४ गेजची केबल १२, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं, भोकाचं टोक) आणि चिकट आतल्या थराच्या, तापवल्यावर आवळणाऱ्या श्रिंक नळ्या १४, लग दाबायचं हातोडीने ठोकायचं साधन १८, बसवायला पत्रा आणि नट-बोल्ट ९. मिशिगनचा ६ टक्के सेल्स टॅक्स धरून ९४ डॉलर ३४ सेंट.

पाडव्याला, ९ एप्रिलला, बाबांना फोन केला तेव्हा सगळा बेत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "शनिवारी काम सुरू करायच्या आधी व्हिडिओ लाव. मी बघतो."

शनिवारी सकाळी नऊला, सांगलीत संध्याकाळचे साडेसहा, फोन टाकीच्या पट्ट्याला अडकवला. ट्रेलरची चाकं ठोकळ्यांनी अडवली. घराची वीज जोडलेली केबल काढली, कारण ती असेल तर कन्व्हर्टर त्याच तारांतून १२ व्होल्ट देत राहतो आणि बॅटरी काढली तरी तार जिवंतच. बाबांनी आधी अंगठी आणि बांगड्या काढायला लावल्या. "आता निगेटिव्ह सोड पहिल्यांदा. काळी."

मी काळ्या वायरीच्या नटाला पाना लावला. खुंटीवरची खूण डब्याच्या सावलीत होती. काहीतरी चुकतंय असं वाटलं म्हणून पाना काढून मल्टिमीटर लावला. लाल टोक काळ्या वायरीवर, काळं टोक पांढऱ्यावर: १२.६८, अधिक. म्हणजे काळी वायर पॉझिटिव्ह होती! इथल्या बऱ्याच ट्रेलरांत १२ व्होल्टच्या वायरिंगला काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. आपल्याकडे घरात काळी न्यूट्रल, गाडीत काळी निगेटिव्ह, आणि हाताला तीच सवय. पॉझिटिव्हचा नट आधी सोडताना पाना ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला टेकला असता तर थेट शॉर्ट. आणि जोडताना उलटापालट झाली असती तर कन्व्हर्टरचे फ्यूज गेले असते.

बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बाळ, मी सांगितलं तरी आधी मीटर लाव. रंग माणसाने दिलेला असतो."

पांढरी सोडली, मग काळ्या. पॉझिटिव्ह खुंटीवर दोन काळ्या वायरी होत्या. एक मधल्या जाडीची, फ्यूजसकट, जॅककडे जाणारी. दुसरी जाड, सांगाड्यावर बसवलेल्या एका लहान ब्रेकरकडे जाणारी आणि तिथून पुढे ट्रेलरच्या आत. माझा बेत सरळ होता: जाड वायर खुंटीवरून काढायची, स्विचच्या एका टोकाला लावायची, दुसऱ्या टोकापासून एक फुटाची केबल खुंटीवर. वीस मिनिटांचं काम.

"ब्रेकची पिन कुठाय?" बाबांनी विचारलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रेलरच्या तोंडाशी एक छोटी डबी असते, तिच्यात एक पिन आणि पिनेला बारीक केबल. ती केबल पुढच्या गाडीला अडकवतात. धावताना ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर केबल पिन ओढते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीतून त्याचे ब्रेक लागतात. हजारो पौंडांचं धूड रस्त्यावर मोकळं सुटू नये म्हणून शेवटचा उपाय.

मी डबी दाखवली. "पिन ओढली की ब्रेकला वीज कुठून येते, ते बोट ठेवून दाखव."

मला दाखवता येईना. डबीतून दोन वायरी निघत होत्या. निळी ब्रेककडे जाणारी, काळी वीज आणणारी. काळी सांगाड्याच्या भोकात शिरून गायब. मी धरून चालले होते की ती कुठेतरी बॅटरीलाच जोडलेली असणार. पुठ्ठा अंथरून तोंडाखाली आडवी झाले, टॉर्च दातात धरला आणि वायरींच्या जुडग्यावरची नळी चिरत गेले. दीड तास. ती काळी वायर बाहेर आली ती ब्रेकरच्या पलीकडच्या खुंटीवर, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला. खात्रीसाठी बॅटरी तात्पुरती जोडली आणि डबीच्या काळ्या वायरीवर मीटर लावला: १२.६. जाड वायर खुंटीवरून उचलली: ०.

मी माझ्या बेताप्रमाणे स्विच बसवला असता, तर स्विच बंद असताना तो ब्रेक मेलेला असता. आणि स्विच बंद ठेवून ट्रेलर ओढणं अगदी सहज होतं, कारण ट्रेलरचे नेहमीचे ब्रेक गाडीतून येणाऱ्या वायरीवर चालतात. काही कळलंच नसतं. लॉटवरून निघताना घाईत स्विच चालू करायचा राहिला असता आणि लेक मागच्या सीटवर बसून आम्ही हायवेला लागलो असतो. त्या दिवशी मी पुठ्ठ्यावर उठून बसले आणि बराच वेळ काही केलं नाही.

निगेटिव्हवर स्विच लावला तर सोपं, सगळं एकदम तुटतं, असा सल्ला मला आधी मिळाला होता. त्यातही हाच धोका आहे. ब्रेकचा परतीचा मार्ग सांगाड्यातून निगेटिव्हलाच जातो. तो तुटला की पिन ओढून उपयोग नाही. म्हणून स्विच पॉझिटिव्हवर, आणि ब्रेकची वायर स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीवर.

दुपारी दुकानात गेले. १२ गेजची वायर आणि २० अँपियरचा आपोआप जुळणारा ब्रेकर, मिळून १३ डॉलर. आमच्या चार चाकांचे ब्रेक मिळून साधारण १२ अँपियर घेतात, त्यामुळे २० पुरेसा. तोवर अंधार पडला.

रविवारी उरलेलं. डबीची काळी वायर जुन्या जागेवरून सोडवून नव्या ब्रेकरमार्गे बॅटरीच्या खुंटीवर आणली. जॅकची वायर होती तिथेच ठेवली, म्हणजे स्विच बंद असतानाही जॅक चालतो. मग जाड वायर. तिचा लग बॅटरीच्या बारीक खुंटीच्या मापाचा होता आणि स्विचची खुंटी जाड, तो शिरेना. लगचं भोक ड्रिलने मोठं करायचा मोह झाला. बाबा म्हणाले थिंबल (म्हणजे लगच) काप, नवीन घाल, कडा पातळ झाली की तिथेच तापते. लग कापला, वायर सोलली, नवा लग ठोकला, पूर्ण जोराने ओढून पाहिला. पहिला सुटून हातात आला. तारा आतपर्यंत गेल्याच नव्हत्या. दुसरा पक्का बसला. वर श्रिंक नळी तापवली, कडेने चिकट थराचा बारीक थेंब बाहेर आला, म्हणजे आत पाणी जाणार नाही. स्विच बॅटरीच्या डब्याबाहेर, पत्र्यावर, टाक्यांवर न वाकता हात पोचेल अशा जागी. पॉझिटिव्ह आधी जोडली, पांढरी सगळ्यात शेवटी.

तपासणी अशी केली. स्विच बंद, मीटर पुन्हा निगेटिव्हवर: ०.०० अँपियर. मीटर काढून वायर जोडली, स्विच बंदच, आणि पिन ओढली. चाकांतून गुणगुणल्यासारखा आवाज आला. नवऱ्याने वाकून एकेका चाकाला कान लावला, चारही. पिन लगेच परत आत घातली, जास्त वेळ बाहेर ठेवली तर बॅटरी उतरते आणि ब्रेकचे चुंबक तापतात. ही चाचणी ट्रेलरची वायर गाडीला जोडलेली असताना करू नका, गाडीतला ब्रेक कंट्रोलर बिघडू शकतो.

दोन गोष्टी वापरताना लक्षात ठेवाव्या लागतात. स्विच बंद म्हणजे गॅस डिटेक्टरही बंद. आत झोपायचं असेल तर तो चालू हवाच. लेकीने मराठीत चिठ्ठी लिहून दाराच्या आतून चिकटवली आहे: "झोपायच्या आधी स्विच चालू आहे ना?" आणि दुसरं, स्विच बंद असेल तर घरची वीज जोडूनही बॅटरी चार्ज होत नाही, गाडीतूनही नाही. आत दिवे लागतात, त्यामुळे चार्ज होतंय असं वाटतं. तुमच्याकडे सोलर असेल तर त्याच्या कंट्रोलरची वायर थेट बॅटरीवर ठेवा.

सोमवारी दुपारी तीनला ट्रेलर लॉटवर परत. वसाहतीला मुदतीआधीच फोटोसकट कळवून टाकलं.

२४ मेला, मेमोरियल डेच्या सुटीआधीच्या शुक्रवारी, आणायला गेलो. ३९ दिवस झाले होते. डबा उघडून मीटर लावला. १२.६१. स्विच फिरवला, आत डिटेक्टरने एकदा टी केलं आणि हिरवा दिवा लागला. मी मीटरचा फोटो काढून बाबांना पाठवला. सांगलीत मध्यरात्र उलटून गेली होती, तरी लगेच उत्तर आलं.

"छान. पिन ओढून बघितलीस का?"

गाडी अजून जोडायची होती. मी खाली वाकले आणि पिन ओढली.